यांच्या चाकूचा खटका

१२ मार्च १९९५, पेण

निलेशनं कंपनीतून ही डायरी आणली. इतरांना जानेवारीतच मिळाली म्हणे, याच्या हातात आता पडली. "आई, तू सारखी वाचत असतेस. आता लिही." मी म्हटलं, बाबा, मी गणपतीच्या कारखान्यात मूर्ती घासणारी बाई, मी काय लिहिणार? तर म्हणे, तेच लिही.

तर लिहिते. आज मोठ्या मूर्तींच्या सोंडा घासल्या. सोंडेच्या आतल्या वळणात पॉलिशपेपर जात नाही, तिथं बोटच लागतं. झालं. हे वाचून कुणाचं काय भलं होणार आहे?

खरी बातमी अशी की निलेशचं लग्न ठरलं! चौदा मे. मुलगी दिपिका, रोह्याच्या पलीकडच्या गावातली. घरी भातशेती आणि वाल. बारावी झालेली आहे आणि हसायला लागली की थांबत नाही. चहा देताना हसली आणि बशीत अर्धा कप सांडला. तिच्या आईनं डोळे वटारले. मला मात्र तेव्हाच पसंत पडली.

१९ मार्च

वन्सं आल्या होत्या. विमलबाई, यांची थोरली बहीण. खाडीकडच्या गावाहून आल्या त्या सुकटीची पिशवी आणि लग्नाचे सगळे नियम घेऊनच. आमच्यात हळद लागली की नवऱ्या मुलाच्या हातात चाकू देतात आणि टोकाला लिंबू खोचतात. लग्न लागून घरी येईपर्यंत तो त्यानं अंगावेगळा करायचा नाही, दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायचा नाही. बाहेरचं काही लागू नये म्हणून.

"माझ्या घरची सुरी आणीन," वन्सं म्हणाल्या.

मी म्हटलं, "यांचा चाकू आहे की."

मी ट्रंकेतून काढून समोर ठेवला. मिटवायचा चाकू, शिंगाची मूठ. हे धरमतरला बार्जवर होते तेव्हा मुंबईच्या बंदरात एका परदेशी बोटीवरच्या खलाशानं यांना दिला होता. बदल्यात यांनी त्याला सुक्या बोंबलांची जुडी दिली. त्या माणसाचं पुढं काय झालं असेल, ती जुडी त्यानं कशी खाल्ली असेल, यावर आम्ही दोघं कितीदा हसलो आहोत!

"गेलेल्या माणसाचा चाकू लग्नात?"

"त्याच्या बापाचाच ना, वन्सं?"

त्यांनी चाकू उघडला, ओट्यावरचं लिंबू घेतलं आणि टोक दाबलं. पातं उलटं मिटलं आणि बोटावर आलं. जरासंच लागलं, पण वन्संनी घर डोक्यावर घेतलं. "रक्त काढलंन गो यानं माझं! हा नवरदेवाच्या हातात द्यायचा? मांडवात बोट तुटायचं पोराचं!"

हळद लावून शांत झाल्यावर म्हणाल्या, "खटका धरत आसंल तर आण. हळदीच्या दिशी मी सोता लिंबू खोचून बघनार. नाय धरला तर माझी सुरी. मग तोंड वाकडं करायचं नाय."

मी कबूल केलं.

इथं खरं लिहायला हरकत नाही. मी मांडवात मागं बसणार, भांड्यांपाशी. हळदीला हात लावणार नाही, ओवाळणार नाही. ते मला ठाऊक आहे, सात वर्षं झाली, सवयही झाली आहे. पण आम्ही दोघंही मागं राहायचं हे काही पटत नाही. एकानं तरी पुढं असावं. पोराच्या हातात असावं.

२ एप्रिल

रोह्याला जाऊन आले!

सरू माझ्याबरोबर कारखान्यात घासकाम करते. तिनं सांगितलं होतं, रोह्याला स्टेशनाबाहेर हैबतराव म्हणून आहेत. स्टोव्ह, कुलपं, छत्र्या, अडकित्ते, सगळं दुरुस्त करतात. सकाळच्या गाडीनं निघाले. चाकू रुमालात गुंडाळून कमरेला खोचला होता. नागोठण्याच्या पुढं टीसी आला. मी तिकीट काढायला गेले आणि घाईत हातात आला चाकू. तोही उघडा, कारण त्यानं उघडं राहायचं असतं तेव्हा मिटतो आणि मिटायचं असतं तेव्हा उघडतो. टीसी दोन पावलं मागं सरला. "मावशी, राहू द्या, राहू द्या," म्हणाला आणि पुढच्या डब्यात गेला. तिकीट माझ्याकडे होतं हो! ते दाखवायला मी त्याच्यामागं गेले, तर तो आणखी पुढं पळाला.

हैबतरावांनी आधी चाकू पाहून हात झटकले. "रामपुरी आसंल तर मी हात लावत नाय. पोलीस मना इचारतात."

मी म्हटलं, "अहो, मला बघून वाटतं का रामपुरी?"

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तसं सांगता येत नाय बाई," म्हणाले आणि मोठ्यानं हसले. मग एक स्टूल पुसून दिलं.

त्यांनी मला आत काय असतं ते दाखवलं, ते लिहून ठेवते, कारण मला ते फार आवडलं आहे. पातं मुठीत एका खिळीवर फिरतं. पात्याचं जे बूड मुठीत राहतं, त्याला एक खाच असते. मुठीच्या पाठीवर जी लांब लोखंडी पट्टी दिसते, ती मला नुसती शोभेची वाटायची. ती शोभेची नाही! तिच्या पोटातून एक खीळ जाते आणि त्या खिळीवर ती डुलते, बागेतल्या सी-सॉसारखी. पुढच्या टोकाला खाली वळलेला दात. मागच्या टोकाखाली कमान, म्हणजे स्प्रिंग, ती मागचं टोक सारखी वर ढकलते. मागचं वर, म्हणजे पुढचं खाली. पातं उघडत जातं तसा दात त्याच्या बुडावरून घासत येतो, घासत येतो, आणि पातं पुरतं उघडलं की खाच बरोबर त्याच्याखाली येते. दात आत पडतो. टक्! मग पात्याला परत फिरता येत नाही. मिटायचं असेल तर मागचं टोक अंगठ्यानं दाबायचं. मागचं खाली, पुढचं वर, दात सुटला, पातं मोकळं.

सात वर्षं ट्रंकेत होता. त्याआधी कितीतरी वर्षं हे माझ्यासमोर आंबे कापत होते. मी एकदाही विचारलं नाही, अहो, हा उघडा कसा राहतो?

आपला मात्र टक् करत नाही. नुसता 'थप' करतो. हैबतराव म्हणाले, कमान थकली. खिळी न काढता बाहेरूनच कमानीला बाक दिला. अजून थपच. मग म्हणाले, दात मोठा झाला, कानस मारतो. मी पटकन चाकू उचलला.

"दात घासला तर परत वाढतो का?"

"माणसाचा वाढत नाय, याचा कुठं वाढंल?"

"मग राहू द्या. मी जरा विचार करते."

"चाकूचा इचार करनारी बाई पयल्यांदा बघितली," म्हणाले.

३ एप्रिल

कपडे वाळत घालताना ओरडलेच. चिमटा! कपड्यांचा चिमटा! मागचं दाबलं की पुढचं उघडतं, सोडलं की आपोआप धरतं. अगदी तेच! दोरीवर माझ्या घरात पन्नास खटके लटकत होते आणि मी रोह्याला गेले.

शेजारच्या पिंकीची आई धावत आली, साप निघाला म्हणून.

७ एप्रिल

आज कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत शाडूच्या मातीचा मोठा चाकू केला. खाच, दात, डुलणारी पट्टी, मधे खिळीच्या जागी खराट्याची काडी. सरूला आणि बायकांना दाखवला. मागं दाबा, पुढं बघा. सगळ्यांना एकदा एकदा दाबायचं होतं. वन्सं असत्या तर त्यांनीही दाबलं असतं. शेवटी पट्टी मोडली. मालक कुठून तरी येऊन उभे राहिले.

"हे कुठलं आयुध? ऑर्डर कुणाची?"

सरू म्हणाली, "जनीवयनीचा नवीन गणपती हाय शेठ. याच्या हातात परशू नाय, खटका."

मालकांनी तो तुकडा हातात घेऊन फिरवून पाहिला. म्हणाले, "जनाबाई, सोंडा राहिल्यात." पण जाताना त्यांनी मागचं टोक दाबून बघितलं. मी पाहिलं.

१६ एप्रिल

आनंद संपला. हैबतरावांनी कमान वाकवली त्याचा परिणाम आता कळतोय. मिटलेला चाकू उघडायला दोन्ही हातांचा जोर लागतो, आणि उघडला की थांबत नाही. पहिल्यापेक्षा वाईट. मीच नेला, मीच बिघडवला.

वाचनालयातून यंत्रांचं एक पुस्तक आणलं. त्यात रहाट आहे, कप्पी आहे, घड्याळ आहे, आगगाडीचं इंजिन आहे. चाकू नाही. ज्यानं पुस्तक लिहिलं त्याच्या घरात आंबे कुणी कापून दिले असतील?

निलेश म्हणाला, "जाऊ दे ना आई, आत्येची सुरी चालेल." मी म्हटलं, चालेल. त्यानं डबा पिशवीत टाकला. मग म्हणाला, "नाय चालनार." आणि शिफ्टला गेला.

रोज आंघोळीनंतर यांच्या फोटोपुढं उभी राहते ना, आज जरा रागानंच उभी राहिले. म्हटलं, वस्तू देऊन जाता, ती कशी चालते ते कुणी सांगायचं?

२३ एप्रिल

घाईघाईनं लिहितेय, अक्षर वाकडं येईल, येऊ दे. सापडलं! सापडलं! सापडलं!

नीट लिहिते. वन्संनी कोवळा फणस पाठवला होता, भाजीसाठी. मी विळीला आणि हातांना खोबरेल चोळलं, नेहमीसारखं. फणस कापायचा तर आधी तेल, हे आमच्याकडं पोरींना चालण्याआधी शिकवतात. नाहीतर चीक बसतो आणि मग घासा जन्मभर. भाजी चिरून झाली. विळी पुसायला घेतली, तर पात्याच्या मुळाशी, जिथं ते पाटाला बसवलेलं असतं त्या बेचक्यात, जुना चीक. काळा, दगडासारखा. तिथं तेल कधी पोचतच नाही.

मी फडकं खाली टाकलं आणि ट्रंकेकडं पळाले.

चाकू उघडला. पट्टी दाबून धरली. खाचेत बोटाचं टोक घातलं, करंगळीचं, डोळे मिटून, जसं सोंडेच्या वळणात घालते. खाच चौकोनी हवी. ती चौकोनी नव्हती. तळाशी गोल होती, गुळगुळीत. लोखंड इतकं गुळगुळीत नसतं. मातीही नसते.

फणसाचा चीक! दात मोठा झाला नव्हता, कमान थकली नव्हती. दाताला बसायला जागाच नव्हती. जागेवर आधीच कुणीतरी बसलं होतं!

खोबरेल कोमट केलं, खाचेत थेंब सोडले. खराट्याची हीर तासून टोकदार केली आणि बसले कोरत. हळूहळू मऊ झालं. मग तपकिरी धागा निघाला. मग आणखी. आणि वास आला. इतक्या वर्षांनी वास येईल का? मला आला. बरक्या फणसाचा.

हे कधीच तेल लावायचे नाहीत. बार्जवरचा माणूस, चाकू काढला की फणसात घातला. मी मागून तेलाची वाटी घेऊन धावायची, "अहो, तेल!" आणि हे "नंतर गो, नंतर." शेवटच्या वर्षी फणस उशिरापर्यंत होते. कावीळ झालीय हे तेव्हा कुणालाच कळलं नव्हतं. डोळे जरा पिवळे दिसत होते, तर मी म्हटलं होतं, फणस खाऊन खाऊन फणसासारखे झालात. हे इतके हसले की हातातला गरा खाली पडला. त्याच फणसाचा हा चीक. दुसरा कुठला असणार? त्यानंतर चाकू उघडलाच नाही कुणी.

निघालेला गोळा टाकवेना. काडेपेटीत ठेवलाय.

मग डोळे पुसले, चाकू पुसला, पातं धीरानं उघडत आणलं, आणि

टक्!

काय सांगू! असा आवाज की मांजर उठून बसलं. पात्यावर उलटा जोर दिला, हलेना. लाटण्यानं ठोकलं, हलेना. मागं अंगठा दाबला, कसा अलगद मिटला, लोणी. परत उघडला. टक्! आणि हैबतरावांनी वाकवलेल्या कमानीचा आता फायदाच झाला, दात असा आपटून बसतो! त्यांना उगाच नावं ठेवली. त्यांना पत्रिका पाठवणार.

२४ एप्रिल

टक्.

२५ एप्रिल

कारखान्यात नेला. टक् टक् टक्. मालक म्हणाले, "जनाबाई, पालीनं घर केलंय का कुठं?" सरू हसता हसता रंगाच्या डब्यावर बसली.

मला काय झालंय कळत नाही. पन्नाशीला आलेली बाई मी. वाटेनं चालताना पदराआड चाकू उघडते आणि मिटते. आज पुस्तक बदलायला गेले तेव्हा ग्रंथपालांनी विचारलं, "कसलंसं वाजतंय?" मी म्हटलं, गुडघा.

३० एप्रिल

निलेशला चार दिवसांपूर्वीच शिकवलं. मागचं टोक दाब, पातं वळव, बोटं वाटेत ठेवू नकोस. दोनदा दाखवावं लागलं. आता तो एका हातानं मिटतो, न बघता, बोलता बोलता! बापासारखीच बोटं आहेत. कंपनीच्या बसमध्ये दोस्तांना शिकवून आला. परवा रोह्याकडं गेला तेव्हा दिपिकाच्या घरीही नेला होता.

आज जेवताना अचानक विचारलं, "आई, मांडवात तू कुठं बसनार?"

"मागं. भांड्यांपाशी. सगळं दिसतं तिथून."

"काय दिसतं? खांब?"

"खांबाच्या बाजूनं दिसतं."

डाव्या हातानं चाकू काढला, उघडला, मिटला. मग म्हणाला, "आत्येला हा खटका दाखवू नकोस. कुनालाच नको. नुसता लिंबू खोचून दाखव."

मी विचारलं का, तर म्हणे, असंच. पोराला मिरवायचं असेल. मिरवू दे, त्याचंच लग्न आहे.

१३ मे

हळद. अंगण माणसांनी भरलंय, मी आतल्या खोलीत तांदळाच्या पोत्यावर बसून लिहितेय. गोदूबाई धवलारीण आली आहे. आमच्याकडं लग्नात धवले गायला तिच्याशिवाय पान हलत नाही. आवाज असा की वडखळच्या नाक्यावर एसट्या थांबत असतील.

वन्सं परीक्षा घ्यायला आल्या. पदर खोचला, एक लिंबू निवडलं. कच्चं, कडक, मुद्दाम. मी चाकू उघडून पुढं केला. टक्. त्यांनी लिंबू टोकावर ठेवून दाबलं. पातं हललं नाही. लिंबू कचकन बसलं. मग त्यांनी पातं उलट्या बाजूनं ढकललं, पाटावर टेकवून ढकललं, शेवटी त्यावर बसायच्याच बाकी होत्या.

"कोनी केलान गो नीट?"

"मीच."

"तू?"

"फणसाचा चीक होता, वन्सं. तेल लावून काढला."

वन्संनी माझ्याकडं पाहिलं, चाकूकडं पाहिलं. त्यांनाही ठाऊक होतं तो फणस कुणी कापला असणार. "माजा भाव कंदी तेल लावायचा नाय," एवढंच म्हणाल्या. आणि स्वतःच्या हातानं चाकू निलेशच्या हातात दिला.

मी दारातून पाहिलं. पिवळा पिवळा पोरगा, हातात बापाचा चाकू, वर लिंबू. गोदूबाईनं लगेच धवल्यात चाकू घातला, बापाचं नावही घातलं. मी पोत्यावर येऊन बसले.

बस. माझं काम झालं. आता मागं भांड्यांपाशी बसायला माझी काही हरकत नाही.

१५ मे

कालचं लिहिते. नीट लिहायचं म्हणते पण मधेच हसू येतं.

दिपिकाच्या गावात, शाळेपुढं मांडव. मी ठरल्याप्रमाणं मागं, खांबाच्या बाजूला. खांबाआडून निलेशचा फेटा तेवढा दिसत होता. अंतरपाट धरला. भटजींनी घड्याळ पाहिलं, म्हणाले, हार दोन्ही हातांनी घालायचा, नवरदेव, तो चाकू बाजूला द्या.

वन्सं गरजल्या, "चाकू अंगावेगळा करायचा नाय!"

"मग मिटून खिशात ठेवा. मुहूर्त आला."

लिंबू काढलं. आणि मग काहीतरी थांबलं. माणसं पुढं पुढं सरकायला लागली. "मिटत नाय, मिटत नाय" असं ऐकू आलं. मला वाटलं, पुन्हा बिघडला! उभी राहिले.

दिपिकाच्या मामांनी निलेशचा हात धरून पातं ढकललं. खटका असा घट्ट, हलतोय कशाला. निलेश म्हणतो, "जोर नको मामा, मोडंल." भटजी म्हणतात, "अहो मग कसा मिटतो?" निलेश म्हणतो, "मी इसरलो."

विसरला! पंधरा दिवस हातात खेळवतोय, झोपेत मिटत असेल, आणि ऐन मुहूर्तावर विसरला! कंपनीची पोरं तिथंच उभी होती, बसमध्ये त्यांना शिकवलं होतं म्हणे. तीही एकमेकांकडं बघत नुसती हसत होती. एकाच्याही डोक्यात राहिलं नाही. आजकालच्या पोरांचं कशातच लक्ष नसतं.

"कुणाला येतं हे?" भटजी ओरडले.

"आईलाच येतं," निलेश म्हणाला. मोठ्यानं. अख्ख्या मांडवाला ऐकू जाईल असं.

मग सगळा मांडव मागं वळला. मी तिथं, हातात पातेल्याचं झाकण.

मी हललेच नाही. कशी हलणार? तिथून सांगायला लागले, "मागचं टोक दाब रे, पट्टीचं मागचं," पण वाजंत्र्यांनी नेमकं तेव्हाच वाजवायला घेतलं. मी वन्संकडं पाहिलं. वन्संनी भटजींकडं पाहिलं, भटजींनी घड्याळाकडं. वन्संचं तोंड एकदा उघडलं, एकदा मिटलं.

आणि मग वन्संच ओरडल्या, "आगो जने, बघतंस काय खांबासारखी? ये ना वर! मुरत टलला तर तुज्या भांड्यांचा काय करू?"

झाकण कुणाच्या हातात दिलं आठवत नाही. बायका बाजूला झाल्या. मी अंतरपाटाशी, बोहल्यावर उभी. चाकू त्याच्या हातातून काढायचा नव्हता, म्हणून त्याच्या हातावर माझा हात ठेवला. अंगठा पट्टीच्या मागच्या टोकावर. दाबलं. दात उचलला गेला, तो मला आतून कळला. पातं वळवलं, मिटलं. खिशात गेलं.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या! मंगलाष्टकांच्या आधीच!

मी खाली उतरायला लागले, तर निलेश म्हणतो, "थांब आई, मंगळसूत्राच्या आधी परत उघडायचा, परत मिटायचा हाय." भटजी म्हणाले, "बाई, इथंच थांबा हो, उगाच घोळ नको." वन्संनी माझ्या मुठीत अक्षता कोंबल्या. म्हणाल्या, "आता हायंस तर टाक."

टाकल्या. इतक्या जवळून टाकल्या की दिपिकाच्या मुंडावळ्यांत अडकल्या. ती वर बघून हसली.

मंगळसूत्राच्या वेळी पुन्हा विसरला. दोनदा! माझा मुलगा हुशार आहे असं मी आजवर समजत होते.

१६ मे

खूप माणसं आहेत घरात. यांच्या फोटोला सांगून टाकलं सगळं. म्हटलं, तुम्ही पुढं होतात, मलाही बोलावून घेतलंत. काडेपेटीतला गोळा फोटोमागं ठेवलाय. लाकडाच्या चौकटीत बरोबर बसतो.

हैबतराव जेवायला आले होते. चाकू घेऊन कितीदा तरी टक् टक् केलं. म्हणाले, "मी दात घासला आसता तर?" मी म्हटलं, तर तुम्हाला पत्रिका नसती.

२१ मे

पाहुणे गेले. घर आता कुठं घरासारखं वाटतंय. दिपिका चांगली रुळली. सकाळी मांजर तिच्या पायात, माझं पुस्तक तिच्या हातात.

दुपारी बघते तर काय, निलेश उंबऱ्यावर बसून आंबा कापतोय. कापला, पातं पुसलं, आणि गप्पा मारता मारता एका हातानं, न बघता, मिटून खिशात टाकला. आता बरा आठवला मेल्याला! मी म्हटलंसुद्धा, "हे तेव्हा कुठं गेलं होतं रे?" तर म्हणे, "घाबरलो होतो आई." लग्न म्हटलं की भले भले घाबरतात. हेही घाबरले होते, माझ्याऐवजी करवलीच्या गळ्यात हार घालत होते.

म्हटलं आता असं व्हायला नको, घरात आणखी एखाद्याला हे आलं पाहिजे. दिपिका ओट्यापाशी कांदा चिरत होती. तिला जवळ बोलावलं, चाकू उघडला. म्हटलं, हे बघ गो, ही पट्टी सी-सॉसारखी असते, पुढं दात,

तिनं चाकू माझ्या हातातून घेतला, अंगठा बरोबर मागच्या टोकावर ठेवला आणि मिटला. उघडला. टक्. परत मिटला.

"तुला येतं?"

"ह्यांनी शिकवलं होतं. लग्नाआधी, आमच्याकडं आले तेव्हा."

"अगं मग मांडवात तू त्याच्या समोरच होतीस की! बोलली का नाहीस?"

तिनं मान खाली घातली. लाजली असेल. नवीन नवरी, अंतरपाटाआडून कशी बोलणार? तरी मी तिला सांगितलं, असं लाजायचं नाही, मुहूर्त टळला असता, कुणाचं बोट कापलं असतं. तर ती हसायला लागली. नेहमीसारखी, थांबेचना. आणि हसता हसता पदरानं डोळे पुसायला लागली, पुसतच राहिली.

आपला पांढरा कांदा तसा काही झोंबत नाही. तिला सवय नसेल.